माझ्या वाटणीचं सामान

"म्हणजे हिची बॅग मी भरायची?" गौरेशनं माझ्याकडं बोट दाखवत विचारलं.

"हिची तू, तुझी मी आणि माझी ही," अण्णा म्हणाले. "आपली बॅग आपण भरायची न्हाई. आमच्यात तसं चालतंय."

"आणि मला काही वेगळं लागत असेल तर?"

"तुला काय लागतंय ते मी ठरवणार."

आमच्या घरामागच्या अंगणात ताडपत्री पसरली होती आणि तिच्यावर सगळं सामान मांडलं होतं. तंबूचं कापड, तंबूच्या काठ्या, स्टोव्ह, गॅसचा डबा, पातेलं, पाण्याचा कॅन, पंक्चरचं सामान, पंप, तीन स्लीपिंग बॅगा, खाण्याच्या पिशव्या. आई पायरीवर लसूण सोलत बसली होती आणि मधूनमधून आम्हा तिघांकडं बघत होती. "एका रात्रीला जायलायसा की बिऱ्हाड हलवायलायसा?" असं तिनं एकदा विचारून झालं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील, रणधीर इंगवले. कोल्हापुरात आमचं सायकलचं दुकान. तरुणपणी तालमीत गेलेलं अंग, आवाज दुकानाच्या शटरसारखा, आणि साठी जवळ आली तरी महिन्यातून एकदा माउंटन सायकल काढून डोंगरात मुक्कामाला जायची हौस. मी शाळेत असल्यापासून त्यांच्याबरोबर जायची. बॅग दुसऱ्यानं भरायचा नियम त्यांचाच. त्यांचं म्हणणं असं, की आपली बॅग भरायला बसलं की माणूस सगळ्या शंकाकुशंका आत कोंबतो, आणि दुसऱ्याची भरताना त्याची अक्कल ठिकाणावर असते. आम्ही दोघंच असलो की अण्णा माझी भरत आणि मी त्यांची. भरलेली बॅग ज्याची त्यानं मुक्कामापर्यंत उघडायची नाही, हा त्याच नियमाचा पुढचा भाग.

डॉक्टर गौरेश परब हा तेव्हा पन्हाळ्याच्या बाजूच्या एका दवाखान्यात गुरांचा डॉक्टर होता. मूळचा कुडाळचा. आमच्या दुकानात मोटरसायकलचं पंक्चर काढून मिळेल का विचारायला आला, मिळणार नाही म्हटल्यावरही तासभर बसला, आणि मग येतच राहिला. वर्षभरात आमचं ठरलं. घरी सांगितलं तेव्हा आई हसली आणि अण्णा दुकानात निघून गेले. दोन दिवसांनी त्यांनी फर्मान काढलं की आधी एक मुक्काम करू, परत आल्यावर काय ते सांगतो.

त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी लग्न केलं नसतं. आज हे कुणाला पटणार नाही, माझ्या मुलीला तर मुळीच पटत नाही, पण तेव्हा ते मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. मी गौरेशलाही ते तोंडावर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि "मग चढाची थोडी सवय करायला हवी," एवढंच म्हणाला. पुढचा महिनाभर तो म्हशी तपासायला सायकलवरून गेला.

तर तो ताडपत्रीभोवती फिरत होता. एकेक वस्तू उचलायची, हातात जरा धरायची, परत ठेवायची. एकदा स्टोव्ह, मग पातेलं, मग पुन्हा स्टोव्ह.

"डॉक्टर, म्हशीचं वजन करायलायस काय?" अण्णा म्हणाले.

"म्हशीचं अंदाजानं जमतं. हे जरा अवघड आहे."

आईनं तोंडाला पदर लावला. अण्णांनी गौरेशची बॅग भरायला घेतली, आणि मी बघितलं की ते स्वयंपाकघरात गेले आणि बिडाचा तवा घेऊन आले. आमच्या इतक्या वर्षांच्या मुक्कामांत तवा कधी गेला नव्हता. मी काही बोलायला तोंड उघडलं तर अण्णांनी असे डोळे वटारले की मी गप बसले. सासरेबुवा व्हायच्या आधी हा माणूस चांगलाच छळणार, हे मी ओळखलं.

गौरेशनं माझी बॅग भरली ती ताडपत्रीच्या पलीकडच्या कडेला, माझ्याकडं पाठ करून. नियमच तसा. मी अण्णांची भरली. उरलेलं सगळं त्यांच्यात गेलं. तंबू एकच न्यायचा आणि अण्णा मधे झोपणार, हे मात्र आम्हा दोघांना निराळं, ठासून सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात आले तर अण्णा माझ्या सायकलपाशी कमरेवर हात ठेवून उभे. बॅगा कॅरियरवर बांधायचं काम कायम त्यांचं. आम्ही उठायच्या आधी ते सगळ्या बॅगा आवळून तयार ठेवत. पण त्या दिवशी गौरेश त्यांच्याही आधी येऊन बसला होता आणि माझी बॅग बांधून मोकळा झाला होता.

"बॅगा मी बांधतो," अण्णा म्हणाले.

"ज्यानं भरली त्यानं बांधायची, असं मला वाटलं."

"गाठ बघू." अण्णांनी दोरी ओढून बघितली. हलली नाही. "सोडून परत बांधतो. घाटात हादरे बसत्यात."

"बांधलीय ती चांगली," आई दारातून म्हणाली. "आता निघा. उन्हं डोक्यावर घेऊन चढणार काय?"

आईपुढं अण्णांचं फारसं चालत नाही. आम्ही निघालो.

डिसेंबरचे दिवस. हवेत छान गारवा, रस्त्यावर ऊस भरलेले ट्रॅक्टर, गुऱ्हाळांचा वास. वाघबीळपर्यंत रस्ता सोपा आहे. मी पुढं, गौरेश मधे, अण्णा शेवटी, अशी आमची वरात चालली होती. सायकल नेहमीपेक्षा जड वाटत होती, पण मला वाटलं की चाकात हवा कमी असेल. दुकानदाराच्या पोरीच्या चाकात हवा कमी, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

खरी कथा वाघबीळनंतरच्या चढावर सुरू झाली.

इथं एक सांगायला हवं. चढ ही माझी खास गोष्ट होती. अण्णा आणि त्यांचे मित्र, सगळे दणकट गडी, खाली धापा टाकत असायचे आणि मी वरच्या वळणावर कठड्याला टेकून चिक्की खात असायची. अण्णा आले की मी म्हणायची, "या म्हातारबा. वय झालं आता तुमचं." ते हसायचे, रुमालानं मान पुसायचे. मित्रांना सांगायचे, "बघा, पोरगी कशी चढती. बाप बाजूला ऱ्हाईला." हे ऐकायला मी जरा जास्त वेळ कठड्याजवळ रेंगाळायची.

त्या दिवशी दुसऱ्याच वळणावर माझा दम गेला. सगळ्यात हलका गिअर टाकला, तरी पाय भरून आले. मागून गौरेश आला, माझ्या बरोबरीनं थोडा चालला आणि मग पुढं गेला. मला वाटलं, थांबेल. तो थांबला नाही. मग अण्णा आले.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"तुझा चेहरा लाल झालाय."

"ऊन आहे."

ऊन नव्हतंच. अण्णांनी माझ्या बॅगेकडं बघितलं, मग वर चाललेल्या गौरेशकडं. "थांब. ती बॅग इकडं दे. माझ्यावर बांधतो."

ते एवढ्या जोरात म्हणाले की गौरेश पुढच्या वळणावर पाय टेकून थांबला. आम्ही तिथपर्यंत पोचलो तेव्हा अण्णा त्याच्यावर बरसले. "कसलं सामान भरलाईस रे हिच्या बॅगेत? पोरीला बैल समजलास काय?"

"बैलाला इतकं मोजूनमापून कोण भरतं?" गौरेश म्हणाला.

"मग काढ त्यातलं. माझ्याकडं दे."

"मी कसं देऊ? बॅग तिची आहे. तिला विचारा."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मला दोघांचाही राग आला होता. एकानं माझ्या गळ्यात धोंड बांधली होती, आणि दुसरा सगळ्या रस्त्यादेखत ती सोडवायला निघाला होता, म्हणजे मी हरले हे जाहीर करणं. "मी नेतो माझी बॅग," मी म्हटलं. आमच्याकडं बायकाही रागात आल्या की पुरुषांसारख्या येतो-जातोवर येतात. "कुणी हात लावायचा न्हाई."

आणि मी ती नेली. पण कशी, ते विचारू नका. दोन ठिकाणी उतरून सायकल ढकलली. वर पोचले तेव्हा अण्णा आणि गौरेश चहाच्या टपरीपुढं बसले होते, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. आयुष्यात पहिल्यांदा माझी वाट बघत कुणी चहा संपवला होता.

गौरेश पाण्याच्या बाटल्या भरायला गेला तसे अण्णा माझ्याकडं सरकले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता, आणि तो खाली आला की मला भीती वाटते.

"वैजू, हे मला काय बरं दिसंना. लग्नाआधी जो माणूस पोरीला असं जुंपतोय, तो पुढं काय करील? मागं वळूनसुदिक बघितलं न्हाई त्यानं."

"अण्णा, तुम्ही परत गेल्यावर सांगणार होतासा."

"आता सांगायला काय ऱ्हायलंय?"

वाईट म्हणजे, मला त्यांचं म्हणणं पटत होतं. दोन वळणांपूर्वी मीही मनातल्या मनात हेच बोलत होते.

पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठाराकडं जाणारी वाट मातीची, दगडांची. तिथं अण्णा मुद्दाम पुढं गेले. मी गौरेशला गाठलं.

"काय भरलंयस?"

"तुझ्या वाटणीचं."

"दगड?"

"मुक्कामाला गेल्यावर उघड ना. नियम आहे."

"अण्णांचं 'नाही' ठरल्यात जमा आहे, कळतंय का तुला?"

त्यानं ब्रेक लावला. त्याच्या शर्टाची पाठ भिजून चिकटली होती, आणि तेव्हा मला दिसलं की त्याचीही दमछाक झाली आहे. तो मागं न बघता पुढं गेला होता तो बहुधा माझा चेहरा बघवेना म्हणून. "बॅगेमुळं?" त्यानं विचारलं.

"बॅगेमुळं."

त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. मग म्हणाला, "कमी भरली असती तर तू मला माफ केलं असतंस का? तूच तर सांगत होतीस, चढावर मी कुणाला ऐकत नाही म्हणून."

हे मी सांगत होते हे खरं. पुष्कळदा सांगत होते.

पठारावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. एवढं मोठं सपाट गवत, पिवळं पडलेलं, आणि त्यावरून सरळ येणारा वारा. एरवी मी पोचल्या पोचल्या पाण्यावर जायची, हातपाय धुवायची, आणि परत येईपर्यंत अण्णांनी बॅगा सोडून तंबू उभा केलेला असायचा. आताही ते म्हणाले, "जा, तोंड धुऊन ये. मी सोडतो बॅगा."

"नको," मी म्हटलं. "आज माझी मी सोडणार."

मी बॅग उघडली आणि एकेक वस्तू गवतावर ठेवली. माझी स्लीपिंग बॅग. माझे कपडे, स्वेटर, कानटोपी. तंबूच्या काठ्या. स्टोव्ह. अर्धा भरलेला पाण्याचा कॅन. आईनं दिलेली भाकरी-चटणीची पिशवी. संपलं. फालतू असं काहीच नव्हतं. दगड तर नव्हताच.

मग मी अण्णांची बॅग उचलून बघितली. मीच भरलेली, मला आतलं सगळं पाठ होतं. ती माझ्यापेक्षा थोडी जड होती. गौरेशची उचलली, ती चांगलीच जड होती. त्यानं ती आमच्यापुढंच उघडली आणि आतून बिडाचा तवा काढला. तो तव्याकडं बघत राहिला, मग अण्णांकडं. अण्णा पठाराच्या टोकाकडं बघत होते.

"म्हणजे माझी सगळ्यात हलकी आहे," मी म्हटलं.

गौरेशनं तवा गवतावर ठेवला.

"अण्णा, स्टोव्ह माझ्या बॅगेत कायम असतो ना? तुम्हीच टाकता. आणि काठ्या. आणि पाणी."

"असतंय की."

"मग मला आजच का चढवंना?"

अण्णा खाली बसले. गवताची काडी उपटली, ती मोडली. माझा बाप खोटं बोलायला फार कच्चा आहे. गिऱ्हाइकाला ट्यूब जुनी आहे हे तो न विचारता सांगतो.

"सकाळी बांधताना काढून घ्यायचो," ते म्हणाले.

"काय?"

"स्टोव्ह. पाणी. काठ्या. माझ्या बॅगेत टाकायचो. तुझ्यात नुसती स्लीपिंग बॅग, ती टम्म दिसती. इथं आलो की तू पाण्यावर गेलीस म्हंजे परत तुझ्या बाजूला मांडून ठेवायचो."

"कधीपासून?"

"तू दहावीत होतीस. पहिल्या खेपंला घाटात रडलीस. म्हटलं, असं झालं तर ही परत यायची न्हाई. म्हणून दुसऱ्या खेपंला काढून घेतलं." त्यांनी दुसरी काडी उपटली. "मग तू वर जाऊन उभी ऱ्हायलीस, मला म्हातारबा म्हणालीस. तुझं तोंड असं खुललं हुतं की काय सांगू. पुढं कधी थांबायचं, ते मला समजलंच न्हाई बघ."

गौरेशनं पाण्याचा कॅन उचलला. तो अर्धा भरलेला होता. "मी हा पूर्ण भरून आणतो," असं म्हणून तो गेला, आणि लवकर परत आला नाही.

मला रडू आलं. रागही आला, सगळ्यात जास्त लाज वाटली. ते सगळे घाट, ती चिक्की, मित्रांदेखत बापाला मारलेले टोमणे. माझं सामान स्वतःच्या पाठीमागं बांधून हा माणूस धापा टाकत वर यायचा आणि माझ्याकडून वय झाल्याचं ऐकून हसायचा. किती वर्षं मी त्यांच्या जिवावर पहिली येत होते.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू हलकं घेतलं असतंस का?"

"नसतं घेतलं."

"मग?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघं नाक ओढत पठाराकडं बघत बसलो. थोड्या वेळानं मी म्हटलं, "त्यानं मला जुंपलं नाही, अण्णा. त्यानं फक्त सारखं वाटलं. मलाच माहीत नव्हतं सारखं किती असतं ते."

गौरेश आला तेव्हा अण्णांनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि सरळ विचारलं, "ही घाटात धापा टाकत हुती तवा तुला काय वाटलं न्हाई?"

"वाटलं. दोनदा तोंडाशी आलं होतं, दे इकडं म्हणून."

"मग म्हणाला का न्हाईस?"

"तिनं मागितली असती तर घेतली असती."

"ती मागंल व्हय?" अण्णा म्हणाले. "अरे, ती कधी मागायची न्हाई."

"तेवढं मलाही कळलंय," गौरेश म्हणाला, आणि अण्णांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यावर नेलं.

जेवण मात्र झकास झालं. गार पडलेल्या भाकऱ्या अण्णांनी स्वतः त्या तव्यावर खरपूस भाजल्या आणि पहिली गौरेशला दिली. "तवा आणला हे बरं झालं," गौरेश अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. अण्णांनी त्याच्याकडं संशयानं बघितलं आणि दुसरी भाकरी वाढली. पण लग्नाचा विषय कुणी काढला नाही. परत गेल्यावर सांगतो म्हणजे परत गेल्यावर. तंबूत अण्णा मधे झोपले आणि त्यांच्या घोरण्यानं आमच्या दोघांत बोलायची सोयच ठेवली नाही.

सकाळी पठारावर गवत दवानं ओलं होतं. परतीच्या दिवशी बॅगांची वाटणी उलटी फिरते, असा अण्णांचा नियम. म्हणजे आता माझी अण्णा भरणार होते. मी गौरेशची भरत होते आणि तिरक्या नजरेनं त्यांच्याकडं बघत होते.

त्यांनी माझी स्लीपिंग बॅग गुंडाळून आत सारली. कपडे घातले. काठ्या घातल्या. मग स्टोव्ह हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. एकदा स्वतःच्या बॅगेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी खाली मान घालून गाठ मारायचं नाटक केलं. परत बघितलं तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं आणि ते माझी बॅग कॅरियरवर आवळत होते.

"बांधली गं," ते म्हणाले आणि तिथून बाजूला झाले.

मी जाऊन सायकलचं मागचं चाक उचलून बघितलं. कालच्याइतकंच जड होतं, म्हणजे स्टोव्ह आतच होता. कदाचित थोडं जास्तच. अण्णा माझ्याकडं पाठ करून, चांगल्या कडक भरलेल्या चाकावर अंगठा दाबून हवा तपासत बसले होते.

"अण्णा," मी म्हटलं, "परत गेल्यावर सांगणार होतासा ना?"

"सांगितलं की आत्ता," ते म्हणाले, आणि उठून गौरेशच्या चाकातली हवा बघायला गेले.